चार बांधांचा फोटो

तो फोटो कुणाचा आहे, हे मला ठाऊक होतं. हे वाक्य सगळ्यात आधी लिहून टाकतो, कारण ते मागं ठेवलं तर पुढचं सगळं मी स्वतःला सांभाळून घेत लिहीन. वीस-बावीस वर्षं मी याच्या उलट सांगत आलो. अण्णांना सांगितलं, आईला सांगितलं, आणि लग्नानंतर बायकोला हा किस्सा सांगितला तो तर अशा खुबीनं, की तिला माझीच दया आली. "तुम्हाला काय माहीत होतं?" ती म्हणाली होती, आणि मी मान हलवली होती. पण मला माहीत होतं. फोटो स्टँडवर ठेवला गेला आणि पहिल्या नजरेत मी विजेचा तो खांब ओळखला, त्याच्यामागची बसक्या पाठीची टेकडी ओळखली, ज्या विहिरीच्या कठड्यावर बसून मी लहानपणी भुईमुगाच्या शेंगा फोडल्या होत्या तो कठडा ओळखला. आणि मग मी उठून उभा राहिलो आणि दहा मिनिटं बोललो.

आम्ही तेव्हा काळेवाडीत राहायचो. दोन खोल्या, वर पत्रा, पुढं सगळ्यांचा मिळून एक नळ. अण्णा लातूरकडचे. गावाकडं जमीन नव्हती म्हणून ते इकडं आले आणि पिंपरीतल्या एका कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा दाबून आकार देणाऱ्या खात्यात, लागले. आमच्या घरचा आठवडा रविवारी संपत नसे, गुरुवारी संपे. सगळ्या कारखान्यांची सुट्टी गुरुवारची, आणि त्या दिवशी सकाळी गेलेली वीज संध्याकाळपर्यंत यायची नाही. त्यामुळं माझ्या कानातला गुरुवार म्हणजे खलबत्त्याचा आवाज. एरवी मिक्सरवर निघणारा मसाला आई त्या दिवशी कुटायची, शेजारच्या चार घरांतूनही तसाच आवाज यायचा, आणि भोंगे बंद असल्यामुळं तो लांबपर्यंत ऐकू जायचा. आई येसराची आमटी करायची. भाजलेल्या धान्यांचा आणि डाळींचा तो मसाला तिच्या माहेरचा. इकडच्या लोकांना तो माहीतच नव्हता. ज्या एका इकडच्या माणसाला तो जिवापाड आवडायचा, ते ज्ञानोबाकाका.

ज्ञानोबाकाका अण्णांच्या शेजारच्या प्रेसवर होते. गाव चाकणजवळचं. फर्स्ट शिफ्ट करायची, सुटल्यावर बस धरायची आणि उजेड असेपर्यंत शेतात राबायचं, असा त्यांचा दिवस. प्रेसच्या दणक्यानं दोघांचेही कान कमी झालेले, त्यामुळं दोघं आमच्याकडं जेवायला बसले की गल्लीला वाटायचं भांडण चाललंय.

"वैनी, आजून येक वाटी द्या," काका ओरडायचे. "ही आमटी खाल्ली की आमच्या हिची मासवडी फिकी लागती. पर हे तिला सांगू नका, न्हाईतर मला शेतातच झोपावं लागंल."

"सांगतेच बघा आता," आई म्हणायची आणि वाटी भरायची.

थंडीत मात्र आम्ही त्यांच्याकडं जायचो. ज्वारी हुरड्यात आली की काकांचा निरोप यायचा आणि पुढच्या गुरुवारी आम्ही सगळे एसटीनं चाकणला, तिथून बैलगाडीनं नाहीतर चालत शेतावर. गोवऱ्यांची आगटी, भाजलेली कणसं तळहातावर चोळून काढलेले गरम दाणे, तिळाची चटणी, गुळाचा खडा. इंदूकाकू, म्हणजे काकांची बायको, अंगानं काटकुळी आणि आवाजानं दणकट. "संदीपा, खा की रं, का मोजून आनलंयस पोट?" हे तिचं ठरलेलं वाक्य. खाऊन झालं की मी बांधाबांधानं पळत सुटायचो. माझ्या बापाला जमीन नव्हती, म्हणून असेल, पण त्या शेताच्या कडेनं पळताना मला ते आमचं वाटायचं. काकांचं एकच बोलणं असायचं, "बांध वलांडू नको. तिकडं भावकीचं हाय." ते स्वतःही वलांडायचे नाहीत. भुईमुगाचा एखादा वेल बांधापलीकडं गेलेला दिसला तर काठीनं अलगद आत घ्यायचे, जसं आपलं पाऊल चुकून दुसऱ्याच्या पायावर पडलं तर आपण पाय मागं घेतो.

आता माझ्याविषयी. बारावीनंतर मी काळेवाडीतल्याच एका फोटो स्टुडिओत कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागलो. डिजिटल नवीन होतं आणि कॉम्प्युटरवर फोटो करणारा पोरगा म्हणजे गल्लीत शहाणा. माझं काम लग्नाचे अल्बम करायचं. थेरगावच्या कार्यालयात घामाघूम उभ्या असलेल्या नवरा-नवरीला मी बर्फाच्या डोंगरात उभं करायचो, गुलाबाच्या पाकळीत बसवायचो, चंद्रावर टेकवायचो. हे मुद्दाम लिहितोय. ज्या आठवड्यात मी तो फोटो 'खोटा' ठरवला, त्याच आठवड्यात मी एका फिटरच्या मुलीच्या मागं ट्यूलिपची शेती लावून दिली होती. मला त्यात काही विसंगत वाटलं नव्हतं. ते पोटापाण्याचं आणि हे कलेचं, असं मी डोक्यात दोन कप्पे करून ठेवले होते.

कलेचा कप्पा म्हणजे आमचं फोटो मंडळ. कंपनीतल्या सात-आठ हौशी कामगारांनी ते सुरू केलं होतं. फिटर, टर्नर, स्टोअरमधला एक क्लार्क, अशी माणसं. महिन्यातून एका गुरुवारी थेरगावच्या एका शाळेच्या वर्गात सगळे जमायचे. वीज नसायची, म्हणून खिडक्या उघड्या टाकून उजेडाकडं तोंड करून स्टँड ठेवायचा आणि त्यावर एकेक फोटो. या बैठकीला सगळे 'चिरफाड' म्हणायचे. तिचा नियम असा, की फोटोवर नाव नसायचं आणि ज्याचा फोटो त्यानं चर्चा संपेपर्यंत तोंड उघडायचं नाही. ज्याला जे म्हणायचं ते त्यानं म्हणावं. सगळं बोलून झालं की विचारायचं, "कुणाचा?" मग ज्याचा तो उभा राहून म्हणायचा, "माझा." त्यावर सगळे टाळ्या वाजवायचे, फोटो कितीही वाईट ठरलेला असला तरी. नियम चांगला होता. सुपरवायझरच्या फोटोला हेल्परनं नाव ठेवलं तरी चालायचं, आणि चालावं म्हणूनच तो केला होता. मी मंडळात कामगार म्हणून नव्हतो, अण्णांचा मुलगा आणि कॉम्प्युटरवाला म्हणून मला घेतलेलं. इंग्रजी मासिकं चाळून मी शब्द पाठ केले होते, आणि ते कधी वापरायला मिळतील याचीच वाट बघत असायचो.

काकांनी कॅमेरा घेतला तो सगळ्यांत शेवटी. त्याच सुमारास त्यांच्या गावाकडच्या जमिनी कारखान्यांसाठी जाणार हे ठरलं. काकांची तर सगळीच जाणार होती. त्याबद्दल ते फारसं बोलायचे नाहीत. आमच्याकडं आमटी खायला आले की अण्णा विचारायचे, "काय झालं रं तुझ्याकडचं?" आणि काका म्हणायचे, "द्यायचं हाय पावसाच्या आधी," आणि वाटी पुढं करायचे. कॅमेरा घेतल्यावर महिनाभर त्यांनी आमच्या घरी येऊन मला नाना प्रश्न विचारले. पण कशाचा फोटो काढणार, ते सांगितलं नाही.

त्या गुरुवारची चिरफाड नेहमीची नव्हती. मंडळाचं पहिलं प्रदर्शन भरणार होतं आणि त्यासाठी फोटो निवडायला पुण्याहून एक नावाजलेले फोटोग्राफर आले होते. मानेपर्यंत केस, मोजकं बोलणं. त्यांना हाताखाली एक मुलगा हवाय, हे मंडळात आधीच पसरलं होतं, आणि तो मुलगा आपण व्हायचं असं मी मनाशी ठरवूनच गेलो होतो. निवड होणार म्हणून काहीजण घरच्या माणसांना घेऊन आले होते. मागच्या बाकांवर बायका बसल्या होत्या. काकांनीही इंदूकाकूला आणलं होतं. ती दाराजवळच्या शेवटच्या बाकावर, मांडीवर डब्याची पिशवी घेऊन. काका पुढून तिसऱ्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात, अण्णांच्या शेजारी.

पाचवा की सहावा फोटो तो होता. मोठा, कडेला पांढरा पुठ्ठा लावलेला. शेत होतं. उंचावरून घेतलेलं. आणि हिरवं, असं हिरवं की खिडकीच्या उजेडात त्याची झाक स्टँडच्या लाकडावर पडल्यासारखी वाटली. कुणीतरी "बापरे" म्हणालं. दोघं-तिघं गुळमुळीत बोलले. पाहुणे म्हणाले, "तरुणांपैकी कुणी बोलणार आहे का? आणि जरा स्पष्ट."

मी खांब ओळखला होता, टेकडी ओळखली होती. काकांच्या कॉलरची ताठ कडा मला समोर दिसत होती. एक क्षण असा होता की मी बसून राहू शकलो असतो. तो क्षण मला आजही अगदी नीट आठवतो, कारण तो फार लहान नव्हता. मग मी उठलो.

"कॉम्पोझिशन म्हणून बघायला गेलं तर इथं काहीच ठरवलेलं दिसत नाही," मी सुरुवात केली. "क्षितिज बरोबर मधोमध. म्हणजे फोटोचे दोन तुकडे. खांब असा उभा, की नजर आत शिरायच्या आधीच त्याला धडकते. डावीकडचा कोपरा रिकामा. उजवीकडं बाभूळ अर्धी कापलीय. एक पाऊल इकडं सरकलं असतं तर पूर्ण आली असती, एक पाऊल तिकडं सरकलं असतं तर पूर्ण गेली असती. पण फोटोग्राफर जागचा हललाच नाही."

थोडं हसू झालं. पाहुण्यांनी माझ्याकडं मान वळवली. ती मान वळलेली मी पाहिली आणि मला जोर चढला.

"आता प्रोसेसिंग. सॅच्युरेशन पार टोकाला नेलंय. हिरवे तीन, तिन्ही एकमेकांशी भांडणारे. टेकडीच्या कडेला पांढरी रेघ उमटलीय, म्हणजे आभाळ वेगळं रंगवलंय. आणि सावल्या बघा. सावल्या वैशाखातल्या दुपारच्या आणि खाली हिरवळ श्रावणातली. हा फोटो सरळ खोटं बोलतोय."

"करेक्ट," पाहुणे म्हणाले.

तिथं थांबायला हवं होतं. तोवर जे बोललो ते जीव तोडून शिकलेलं तरी होतं. पण "करेक्ट" ऐकलं आणि मला वर्गालाही जिंकावंसं वाटलं. मी म्हणालो, "हे शेत नाहीच मुळी. हा बोहल्यावर चढलेला नवरदेव आहे. एवढं नटवलंय, नुसत्या मुंडावळ्या बांधायच्या राहिल्यात."

सगळा वर्ग हसला. पुढचे हसले, मागचे हसले, पाहुणेही हसले. अण्णा हसले नाहीत. काका आपल्या तळहाताकडं बघत होते, जणू तिथं काही लिहिलेलं आहे.

"कुणाचा?" नेहमीप्रमाणे विचारलं गेलं.

कुणीच उठलं नाही. मंडळात असं आधी कधी झालं नव्हतं. पुन्हा विचारलं गेलं. बाहेर शाळेच्या मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचं "आउट, आउट" तेवढं ऐकू येत होतं. शेवटी पाहुणे म्हणाले, "असू दे, मालक लाजले," आणि फोटो उतरवून भिंतीशी टेकवला गेला. तो निवडला जाणार नव्हता, हे उघडच होतं.

चहाच्या वेळी पाहुण्यांनी मला व्हरांड्यात गाठून नाव विचारलं, कुठं काम करतोस विचारलं, आणि पुढच्या आठवड्यात पुण्याला येऊन भेट म्हणाले. मी पिशवी घ्यायला वर्गात परत आलो. वर्ग रिकामा होता. फक्त इंदूकाकू होती. भिंतीशी वाकून तिनं तो फोटो उचलला होता आणि पदरानं त्याच्यावरची धूळ पुसत होती. धूळ असायचं काही कारण नव्हतं, फोटो नवाकोरा होता. मग तिनं तो वर्तमानपत्रात गुंडाळून डब्याच्या पिशवीत घातला. मला बघून म्हणाली, "च्या घेतलास का रं?"

"हो," मी म्हणालो. आणि माझी पिशवी उचलली.

घरी जाताना बसमध्ये अण्णा खिडकीपाशी बसले. डांगे चौक आला तेव्हा म्हणाले, "तुला शेत ओळखू आलं नाही?"

"कुठलं शेत?"

"ज्ञानोबाचं होतं ते."

"काय सांगता?" मी म्हणालो. "अण्णा, माहीत असतं तर मी बोललो असतो का?"

अण्णांनी लगेच विश्वास ठेवला. त्यांचा चेहरा सैल झालेला मला दिसला. आपला मुलगा उद्धट नाही, नुसता चुकला, याचं त्यांना इतकं बरं वाटलं की दुसऱ्या दिवशी शिफ्ट सुरू व्हायच्या आधीच त्यांनी काकांना गाठून ते सांगितलं. माझं खोटं त्यांनी प्रामाणिकपणे वाहून नेलं. अण्णा जाऊनही आता काही वर्षं झाली. हे त्यांना सांगायचं राहून गेलं आणि ते आता कायमचंच राहिलं.

काका भांडले नाहीत. मंडळात मात्र पुन्हा आले नाहीत, आणि कॅमेरा त्यांच्या हातात पुन्हा कुणी पाहिला नाही. आमटी खायला यायचे, पण आधीसारखं ओरडून बोलायचे नाहीत. आणि मला 'संदीपराव' म्हणू लागले. "काय संदीपराव, कसं चाललंय पुण्याला?" ज्यानं मला कडेवर घेऊन विहीर दाखवली, तो माणूस मला अहो-जाहो करत होता. याचं आई-अण्णांना कौतुक वाटायचं. मला मात्र ते बरोबर कळायचं.

पुण्याचं काम मला मिळालं, त्यातून पुढं स्वतःचं मिळालं. आज मी कंपन्यांसाठी फोटो काढतो. गिअर, व्हॉल्व्ह, रंगवलेली यंत्रं, नवीन प्लँट. पोट याच्यावर चालतं, मुलीचं शिक्षण याच्यावर चाललंय. आणि या सगळ्याची पहिली पायरी ते दहा मिनिटांचं बोलणं, हे मी कधी विसरू शकलो नाही. खोटं बोललो असतो आणि त्याचं काही झालं नसतं, तर कदाचित विसरलो असतो. माझं मात्र त्यातून भलं झालं.

मागच्या वर्षी चाकणच्या पुढं एका नव्या कारखान्याचं काम होतं. फोटो घेऊन दाखवायला गेलो तर तिथला मॅनेजर, पोरगाच होता, म्हणाला, "सर, मस्त आहेत. फक्त लॉन जरा सुकलंय. हिरवं करून घ्या ना." मी "हो" म्हणालो, घरी आलो, लॉन हिरवं केलं, मग अजून थोडं केलं. दोन मिनिटांचं काम. पाठवायच्या आधी मोठं करून बघताना मागं टेकडी दिसली. बसक्या पाठीची. ती नेमकी कुठून दिसतेय, आधी काकांच्या शेतातल्या आगटीजवळून कशी दिसायची, याचा हिशेब करत मी स्क्रीनसमोर बसून राहिलो. बायकोनं दोनदा जेवायला हाक मारली. तिला त्याच दिवशी सगळं खरं सांगितलं. तिनं ताटावर झाकण ठेवलं. मग म्हणाली, "मला कशाला सांगताय? तिकडं जा."

गेलो. काकांचं घर आता चाकणला गावठाणात. खाली ते दोघं, वर कंपन्यांत काम करणारे भाडेकरू. बाहेरून ट्रक गेला की भांडी वाजतात. काका पुढच्या खोलीत टीव्ही मोठ्यानं लावून बसले होते. ऐंशीला टेकलेले, पण बसणं ताठ. मला ओळखलं, बसवलं.

"काका, एक सांगायचं होतं," मी म्हणालो.

"मोठ्यानं बोल. कानातलं मशिन काढून ठिवलंय, खाजतं."

गाडीत येताना मी शब्द जुळवले होते, हळू आवाजात बोलायचे शब्द. ते मला ओरडून म्हणावे लागले. "तो शेताचा फोटो! मंडळातला! तुमचा आहे, हे मला माहीत होतं! माहीत असून बोललो मी! अण्णांना खोटं सांगितलं!" जिन्यातून उतरणारी एक भाडेकरू बाई थबकून आत बघायला लागली.

काकांनी मान पुढं आणून ऐकलं. मग म्हणाले, "आरं, येवढ्यासाठी पेट्रोल जाळून आलास? तवा वाईट वाटलं, न्हाई कशाला म्हनू? पर कवाचं गेलं ते. आनी तू म्हनलास त्यात खांब आन् बाभळ येवढं माझं. रंग माझे न्हाईतच. ते हिचे हायेत. हिला इचार." आणि त्यांनी आत हात दाखवला.

इतक्या वर्षांत मला एकदाही असं वाटलं नव्हतं, की त्या फोटोत दुसऱ्या कुणाचा हात असेल.

काकू स्वयंपाकघरात पाट घेऊन पावट्याच्या शेंगा सोलत बसली होती. केस पांढरे, अंग तसंच काटकुळं. "आलं ऐकायला," ती म्हणाली. "वरच्या भाडेकऱ्यांना बी आलं आसंल. बस." मी फरशीवर बसलो. समोर, पिठाच्या डब्यांच्या वर, तो फोटो होता. चौकट करून टांगलेला. बाजूच्या खिडकीतून रोज उतरणाऱ्या उन्हानं त्याचे रंग खाऊन टाकले होते. सगळ्या हिरव्यांचा मिळून एक करडा-निळा झाला होता. मला तेव्हा हवं होतं तेवढं सौम्य झालेलं सगळं, आणि मला ते बघवेना.

"तू त्या दिशी काय बोललास, ते मला आजून कळलेलं न्हाई," काकू म्हणाली. "निम्मं विंग्रजी व्हतं, निम्मं मागं नीट ऐकूच आलं न्हाई. ह्यांना इचारलं तर म्हनले, काय न्हाई, फोटू बरा न्हाई म्हनला. आता आलायस तर सांग."

"काकू, नको."

"सांग की."

मी सांगितलं. एकेक वाक्य, साध्या मराठीत. इंग्रजी शब्द काढल्यावर ती वाक्यं किती हलकी होती, ते मला बोलताना कळत गेलं. ती शेंगा सोलत ऐकत होती. बाभूळ अर्धी कापली, असं म्हणालो तेव्हा तिनं हात थांबवला.

"आर्धीच हाय ती आमची. बांधावरची बाभळ, आर्धी भावकीची. ह्ये शेजारच्या बंगल्याच्या स्लॅबवर चढले आन् चारी बांध जिथनं फोटूत बसत्यात तिथंच उभं ऱ्हायले. म्हनले, दुसऱ्याची इतभर जमीन फोटूत घ्यायची न्हाई आन् आपली इतभर सोडायची न्हाई. खांब बी बांधावरचा. त्यो कुटं सारनार?"

"आणि रंग?"

"पावसाच्या आधी ताबा द्यायचा व्हता. पेरनी व्हनार नव्हती त्या साली. मोकळं रान कोन बघनार? मंग मी दोन दिस चाकनच्या स्टुडिओत बसले, तिथल्या कम्पूटरवाल्या पोराशेजारी. त्यो इचारायचा, काकू, कंचा हिरवा? मी म्हनायची, हिरीपाशी कांदा, त्यो निळसर. मधी भुईमूग, त्यो गडद. टेकडीकडं बाजरी, ती पोपटी. त्यो म्हनायचा, काकू, लई भडक व्हतंय. मी म्हनायची, व्हऊ दे. लांबनं ठळक दिसाया पायजे." ती फोटोकडं बघून म्हणाली, "आता समदं येकच झालंय."

"मी परत करून देतो, काकू. तू सांगशील तसे."

"नगं. आता कुनाला दाखवायचंय?"

मी हात जोडले. म्हणालो, "काकू, मला माहीत होतं. ते शेत तुमचं, हे मला बघितल्याबरोबर कळलं होतं. त्या शेतातलं खाल्लेलं माझ्या अंगावर होतं, आणि तरी बोललो, पुण्याच्या माणसानं आपल्याकडं बघावं म्हणून. लोक हसले तेव्हा मला वाईट वाटलं नाही. बरं वाटलं."

तिनं पुढच्या खोलीकडं पाहिलं. टीव्हीवर बातम्या ओरडत होत्या आणि काकांची पाठ आमच्याकडं होती. तरीही ती आवाज खाली घेऊन बोलली. तिला मी आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलताना ऐकलं.

"येक सांगू? ह्यांना ठावं न्हाई. तू मुंडावळ्यांचं म्हनलास, तवा मी बी हसले. लई हसले. मागं व्हते, लोकांच्या टाळक्यांतनं फोटू दिसत नव्हता. मला वाटलं, दुसऱ्या कुनाचा हाय. म्हनलं, संदीपा कसा ग्वाड बोलतो. मंग च्याच्या टायमाला पुढं गेले, तर आपलाच." तिच्या हातातली शेंग तशीच राहिली होती. "महिन्यानं जमीन गेली. जाताना तिला मी हसून घेतलं, आसं मनात येतं. कुनाला सांगायचं?"

माझी माफी बोलून झाली होती. ही जी आता मागायला हवी होती ती मी घरून आणली नव्हती, तिला जुळवलेले शब्द नव्हते. मी तिच्या हातातली शेंग काढून घेतली आणि तिचे दोन्ही हात धरले. काकांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणालो, "ते हसणं तुझं नव्हतं, काकू. ते माझं होतं. तुझ्याकडून मी ते हसवून घेतलं. त्याची मला माफी दे."